जंगलाचा हिशेब आणि वर्गाबाहेरची माणसं

आज पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा एक पेपर असतो. आदल्या रात्री गाइड चाळायचं आणि पास व्हायचं, अशी त्याची ख्याती! पण हा विषय विद्यापीठात आला कसा? आज आपण तेवढंच बघू.

सुरुवात करू जर्मनीतल्या सॅक्सनीपासून. तिथं चांदीच्या खाणी होत्या, आणि धातू वितळवायला लाकूड लागायचं. जंगलं संपत आली. तेव्हा खाणखात्यातल्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या अधिकाऱ्यानं १७१३ साली ग्रंथ लिहिला. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर, मुद्दल राखा, व्याजावर जगा. जेवढं वाढेल तेवढंच तोडा. 'शाश्वत' वापराची कल्पना ती हीच. पुढं १८११ साली हाइनरिश कोटा यांनी आपली वनविद्येची शाळा थारांटला आणली. म्हणजे हा विषय जन्मला तो लाकडाच्या हिशेबातून. हे लक्षात ठेवूया.

हीच विद्या भारतात आणली डिट्रिश ब्रांडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं. १८६४ साली ते इथले पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेला स्लीपर हवे होते, साग हवा होता. १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली, आणि त्याच साली कडक वनकायदाही आला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात कायदा! गुरं चारणारा, सरपण आणणारा माणूस एकदम गुन्हेगार ठरू लागला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यानं गायरानं बळकावल्याची तक्रार आहे, ती याच काळातली. हिशेब शिकवला जात होता, पण गावकऱ्याची गरज त्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

नव्वद-एक वर्षं पुढं येऊ. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डहून पीएच.डी. करून परतले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९७० च्या दशकात कर्नाटकात कागद कारखान्यांसाठी तोडला जाणारा बांबू का खालावतोय, याचा अभ्यास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. बेट नीट वाढावं म्हणून ते साफ करायचं, अशी खात्याची पद्धत होती. गावकरी म्हणाले, साहेब, हे चुकतंय. काटे गेले की कोवळे कोंब जनावरं खातात. तपासलं, तर गावकऱ्यांचंच बरोबर निघालं.

न्यायालयात हा विषय नंतर पोचला. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याविषयी निर्देश दिले. प्रत्यक्षात मात्र सगळं रेंगाळलं. २००३ साली न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, मगच विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळीकडे लागू झाला.

आता पेपर सक्तीचा आहे, पण सक्तीनं समज येत नाही. 'संसाधन' हा शब्द दिसला की आपण विचारायला हवं, कुणासाठीचं संसाधन? आणि त्या काट्यांविषयी ज्याला ठाऊक आहे, त्याला कुणी विचारलं का? हे दोन प्रश्न विद्यार्थ्याच्या वहीत उतरले, तर तो पेपर सार्थकी लागला असं आपण म्हणू.