रेडिओ-नियंत्रित कसरती विमाने : जुळवणी आणि उड्डाण

मैदानाच्या एका टोकाकडून विमान येते, ऐन मध्यभागी सावकाश पाठीवर होते, तसेच उलटे काही अंतर जाते आणि उंची किंवा दिशा जराही न बदलता पुन्हा सरळ होते. पाहणाऱ्याला वाटते, ही सारी करामत जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांची. बोटांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. परंतु जे विमान मुळात नीट जुळवलेले नाही, ते निष्णात हातांतही सरळ रेषेत उलटे जात नाही. या छंदात आलेल्या नवशिक्यांची बहुतेक विमाने उड्डाणात मोडतात, पण मोडण्याचे कारण पुष्कळदा आदल्या रात्री टेबलावरच घडलेले असते.

रेडिओच्या साहाय्याने मॉडेल विमान उडवण्याचा इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सुरू होतो. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये उडवलेले ‘गफ’ हे विमान या क्षेत्रातील आरंभीच्या यशस्वी विमानांपैकी एक मानले जाते. हवाई कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाली. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या, म्हणजे ‘एफएआय’च्या, वर्गीकरणात या प्रकाराला ‘एफ-३-ए’ म्हणतात. त्यातील विमान लांबीला आणि पंखांच्या विस्ताराला प्रत्येकी दोन मीटरहून मोठे आणि वजनाला पाच किलोहून जड असून चालत नाही. वैमानिकापासून सुमारे दीडशे मीटर अंतरावर, डावी-उजवीकडे साठ-साठ अंशांच्या आणि वर साठ अंशांच्या अदृश्य चौकटीत सर्व कसरती कराव्या लागतात. प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण. रेषा साधारण पंधरा अंशांनी चुकली की एक गुण वजा. कसरतींचा क्रम लिहिण्यासाठी स्पेनचे वैमानिक जोसे लुईस अरेस्टी यांनी तयार केलेली चिन्हलिपी वापरतात. संगीताच्या स्वरलिपीसारखीच ती जाणत्याला एका नजरेत वाचता येते.

शिकाऊ विमान आणि कसरती विमान यांतला फरक आधी समजून घेतला पाहिजे. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. काड्या सोडून दिल्या की ते आपोआप सरळ होते, नवशिक्याच्या चुका पोटात घालते. कसरती विमानाच्या पंखाचा छेद वरून आणि खालून सारखाच फुगीर असतो, पंख धडाच्या मध्याजवळ आणि जवळपास सपाट असतात. त्यामुळे त्याला सुलटे काय आणि उलटे काय, दोन्ही सारखेच. ठेवाल तसे ते राहते. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण, कारण वैमानिक गोंधळला तर हे विमान त्याला वाचवायला येत नाही.

जुळवणीची सुरुवात गुरुत्वमध्यापासून होते. पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या कडेपासून पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान तो ठेवून पहिले उड्डाण करावे. नाक जड असेल तर विमान सुस्त वाटते, तरी उडते. शेपटी जड असेल तर ते पहिल्याच मिनिटात हाताबाहेर जाऊ शकते. शंका असल्यास नाकाकडे झुकते माप द्यावे. समतोल साधायला शिशाचे तुकडे चिकटवण्यापूर्वी बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहावी. पुष्कळ जण पुढचा-मागचा समतोल पाहतात, पण डाव्या-उजव्या पंखाचा पाहत नाहीत. प्रोपेलरच्या मध्यापाशी आणि शेपटीपाशी दोरा बांधून विमान उचलले की जड पंख लगेच खाली जातो. हलक्या पंखाच्या टोकात एखादा खिळा ठोकला तरी काम होते.

त्यानंतर हलत्या पृष्ठभागांकडे वळावे. पंखांवरील एलेरॉन, आडव्या शेपटीवरील एलेव्हेटर आणि उभ्या शेपटीवरील रडर यांना हलवणारा सर्व्हो मध्यावर असताना त्याचा दांडा जोडकाडीशी काटकोनात असावा. हालचाल जास्त वाटली तर ती ट्रान्समीटरमध्ये साठ टक्क्यांवर आणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोडकाडी सर्व्होच्या दांड्यावरील आतल्या छिद्रात घालून हालचाल कमी केली, तर सर्व्होची पूर्ण ताकद आणि पूर्ण अचूकता हाती राहते. आकडा कमी केला तर दोन्ही वाया जातात. स्पर्धेच्या विमानात एलेव्हेटर आणि एलेरॉन दहा-बारा अंश हलले तरी पुरते, रडरला मात्र तीस अंशांच्या आसपास लागतात. जोडकाडीत किंचितही ढिलाई राहू देऊ नये. वेगात तो पृष्ठभाग फडफडू लागतो आणि काही क्षणांत बिजागरीतून उखडून निघतो.

काडी मध्याजवळ मऊ आणि टोकाकडे तीव्र व्हावी यासाठी ट्रान्समीटरमध्ये ‘एक्स्पोनेन्शियल’ ही सोय असते. कमी हालचालीला वीस ते तीस टक्के पुरेसे असते. येथे एक सापळा आहे. मऊपणासाठी काही कंपन्यांच्या यंत्रात आकडा अधिक द्यावा लागतो, तर काहींच्या यंत्रात उणे. मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याचे विमान उड्डाण घेताच उसळते ते यामुळे. आकडा भरल्यावर काडी थोडीशी हलवून पृष्ठभाग किती हलतो, हे डोळ्यांनी पाहावे.

पूर्वी प्रत्येक ट्रान्समीटरला ठरावीक कंप्रतेचा स्फटिक असे आणि दोघांचे स्फटिक सारखे निघाले की एकाचे विमान हमखास जमिनीवर येई. म्हणून मैदानावर कंप्रतांची फळी आणि तिच्यावर चिमटे लावण्याची शिस्त होती. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच पसरले आणि ती भीती जवळपास संपली. पल्ल्याची चाचणी मात्र आजही करावी. संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद होईल अशी नोंद रिसीव्हरमध्ये करून, प्रोपेलर काढून, ती प्रत्यक्ष तपासावी.

खरी जुळवणी हवेत होते आणि ती वारा पडलेला असताना, म्हणजे आपल्याकडे भल्या सकाळी, करावी. प्रथम विमान सरळ आणि समपातळीत उडेल असे करावे. मग ते पंचेचाळीस अंशांत वर न्यावे, उलटे करावे आणि काडी सोडावी. ते काही अंतर त्याच रेषेत जाऊन हळूहळू झुकू लागले तर गुरुत्वमध्य योग्य जागी आहे. नाक तत्काळ जमिनीकडे पडले तर नाक जड. उलट ते आणखी वर चढू लागले तर शेपटी जड. पुढची कसोटी सरळ उभ्या चढाईची. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि त्याचा मळसूत्री झोत उभ्या शेपटीवर डावीकडून आदळतो, त्यामुळे नाक डावीकडे वळते. यावर उपाय म्हणून मोटर दोन-तीन अंश उजवीकडे रोखून बसवतात. चढाईत विमान तरीही डावीकडे कलले तर आणखी अर्धा अंश द्यावा. त्यानंतर विमान कुशीवर करून फक्त रडरवर सरळ नेऊन पाहावे. ते चाकांच्या किंवा पाठीच्या बाजूला सरकत असेल तर रडरबरोबर थोडा एलेव्हेटर मिसळण्याची नोंद ट्रान्समीटरमध्ये करता येते. मात्र मोटरचा कोन आणि गुरुत्वमध्य पक्के होण्याआधी असे मिश्रण करू नये, आणि एका उड्डाणात एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे कळतच नाही. या कामात तीस-चाळीस उड्डाणे सहज जातात. अनेकांचा धीर येथेच सुटतो.

आता आरंभी वर्णन केलेला तो सावकाश पलटा. उजवीकडे फिरताना विमान प्रथम कुशीवर येते, तेव्हा नाक वर धरण्यासाठी डावा रडर लागतो. पाठीवर आले की एलेव्हेटरची काडी पुढे ढकलावी लागते. दुसऱ्या कुशीवर उजवा रडर आणि शेवटी पुन्हा किंचित मागे ओढणे. हे सारे एकातून दुसऱ्यात न अडखळता व्हायला हवे, आणि तोवर एलेरॉन एकाच गतीने दाबलेला. याहून अवघड गोष्ट साधी दिसते : विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे बदलते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच्या बाजूला काडी ढकलावी. पंखाला टेकू द्यावा तशी. संगणकावरील सिम्युलेटरवर हे महिनाभर घोटावे. तेथे मोडलेले विमान एका कळीने पुन्हा उभे राहते.

गेल्या काही दशकांत ‘थ्री-डी’ उड्डाण हा वेगळाच पंथ निघाला आहे. त्यात एलेव्हेटर पंचेचाळीस अंशांहून अधिक हलतो आणि विमान प्रोपेलरवर टांगल्यासारखे हवेत उभे राहते. तरुणांना त्याचे आकर्षण वाटते, ते स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाचे मत मात्र असे, की सरळ रेषा आधी यावी.

धोक्याचा विचार अखेरीस करण्याचा नाही, तरी येथे एक हिशेब पुरेसा आहे. पाच किलोचे विमान ताशी १०८ किलोमीटर वेगाने जात असताना त्यात सुमारे २२५० ज्यूल ऊर्जा असते; ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या सतरापटीहून अधिक. म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उड्डाण कधीही करू नये. भारतात ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार पंचवीस किलोपर्यंतचे, केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी वा मनोरंजनासाठी वापरलेले आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेले साधन ‘मॉडेल’ ठरते. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंतच उड्डाणाला परवानगीची गरज नसते. मुंबई उपनगरांचा मोठा भाग विमानतळाच्या परिघात येतो आणि पुण्यात लोहगावचा हवाई तळ आहे. तेव्हा मैदान ठरवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशा पाहावाच. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृतींचे शिक्षण मिळते, हेही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पावसाळ्याचे चार महिने मैदाने चिखलात असतात. त्या काळात लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रित्या करून ठेवू नयेत. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून त्या न जळणाऱ्या डब्यात, लाकडी कपाटापासून दूर ठेवाव्यात. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा विमानात घालू नये.