एकाच्या टेबलावरचा गठ्ठा

वार्षिक परीक्षेनंतर साऱ्या शाळेच्या उत्तरपत्रिका एकाच शिक्षकाच्या टेबलावर येऊन पडल्या तर काय होईल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ‘लिनक्स’ बनवणाऱ्यांवर १९९८ साली हीच वेळ आली.

लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी ती जाहीर केली, तीही छंद म्हणून. पहिल्या आवृत्तीत सुमारे १० हजार ओळी होत्या; मार्च १९९४ मध्ये त्या पावणेदोन लाखांच्या आसपास गेल्या. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकच आज्ञावली लिहायची कशी? युक्ती साधी होती. सगळा मजकूर पाठवायचा नाही, फक्त बदललेल्या ओळी पाठवायच्या. इंग्रजीत याला ‘पॅच’ म्हणतात, आपण ठिगळ म्हणू. अशी ठिगळे आपोआप जोडणारी आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्येच लिहिली होती. शिवाय १९९२ साली लिनक्सला ‘जीपीएल’ हा परवाना लागू झाला. कोणीही बदल करावा. मात्र बदललेली आवृत्ती इतरांना देताना तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर द्यावा. त्यामुळे आपले श्रम कोणी कुलपात घालील, ही भीती उरली नाही.

पण ठिगळ स्वीकारायचे की नाही, हे अखेर एकटे टॉर्व्हाल्ड्स ठरवीत. १९९८ पर्यंत ठिगळे इतकी वाढली की कित्येक उत्तराविनाच हरवू लागली. पाठवणारे तीच पुन्हा पाठवत, चिडत, भांडत. आम्हाला हा राग रास्त वाटतो. बिनपगारी माणसाने केलेले काम निदान कोणी पाहावे तरी!

२००२ मध्ये ‘बिटकीपर’ हे साधन वापरात आले. ते एका कंपनीच्या मालकीचे असल्याने अनेकांना खटकले. २००५ मध्ये त्याची फुकट सवलत बंद झाली, तेव्हा टॉर्व्हाल्ड्सनी एप्रिलमध्ये स्वतःच ‘गिट’ लिहायला घेतले आणि ७ एप्रिलला गिट स्वतःचाच मजकूर सांभाळू लागले. गिटमध्ये प्रत्येकाजवळ कामाचा संपूर्ण इतिहास असतो, मध्यवर्ती कपाट लागत नाही. प्रत्येक नोंदीचा ४० चिन्हांचा क्रमांक तिच्या मजकुरावरूनच काढलेला असतो. जुन्या नोंदीतले एक अक्षर बदलले तरी क्रमांक बदलतो आणि लबाडी उघडी पडते. त्यामुळे विश्वासू साथीदारांनी आपापला भाग तपासून एकत्र करावा आणि टॉर्व्हाल्ड्सनी तो त्यांच्याकडून घ्यावा, हे सोपे झाले.

गिटचा गठ्ठा मात्र त्यांनी आपल्या टेबलावर साचू दिला नाही. जुलै २००५ मध्येच त्याची जबाबदारी त्यांनी जुनिओ हमानो या सहकाऱ्याकडे सोपवली. हमानोही सुरुवातीला ठिगळे पाठवणाऱ्यांपैकीच एक होते.