माणसाने खणले आणि माणसानेच राखले



इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक परगण्यात नद्यांच्या काठाने चाळीसहून अधिक उथळ तळी आहेत. त्यांना ‘ब्रॉड्स’ म्हणतात. ही तळी निसर्गानेच केलेली, असे विद्वानही धरून चालले होते. जॉईस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या दलदलीत थोड्याथोड्या अंतरावर भोके पाडून तळाची माती तपासली. तळ्यांचे काठ आतून उतरते नव्हते, विहिरीसारखे सरळ उभे होते. मध्ये न खणलेले बांधही सापडले. माणसाने खणलेलेच खड्डे हे! १९५२ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले.

कशासाठी खणले म्हणाल, तर सरपणासाठी. कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, म्हणजे पीट, कापून वाळवला की गोवरीसारखा जळतो. चौदाव्या शतकात पाण्याची पातळी चढली, खड्डे बुडाले, तळी झाली. तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत आजूबाजूच्या दलदलीत गोरगरीब उथळ खड्डे घेतच होते.

आता गावतळ्याचा गाळ काढला नाही, तर काय होते ते तुम्हाला सांगायला नको. पाणकणीस माजते, तळे बुजते. तिथेही तेच. आधी नळ, मग लव्हाळे, मग वाळुंजाची झुडपे, शेवटी झाडी. पण गावकरी छपरांसाठी नळ कापीत, घोड्यांखाली अंथरायला गवत नेत. दुर्मिळ वनस्पतीचा विचार त्यांच्या मनातही नसेल. तरी त्यांच्या विळ्याने झाडी थोपवून धरली होती.

विसाव्या शतकात मोटारी आल्या, घोडे गेले, विळा थांबला. झाडी पुढे सरकली आणि फेन ऑर्किड नावाची आमरी सावलीत सापडली. वीतभर उंचीचे रोपटे, फुले पिवळट हिरवी. पायाशी असली तरी दिसायची नाहीत. त्या उथळ खड्ड्यांत पाण्यावर शेवाळ्याचा जो मऊ थर तरंगतो, त्यावर ती वाढते. ऊन हवे, उंच गवताची गर्दी नको. नुसते कुंपण घालून दलदल जपायची, तर हिचा जीव जायचा.

म्हणून आता राखणदार मंडळी पाळीपाळीने गवत कापतात, झुडपे उपटतात, कुठे मुद्दाम नवे उथळ खड्डेही खणतात. कापलेले गवत मात्र तिथून उचलावे लागते, नाहीतर कुजून त्याचे खत होते आणि दांडगे गवत आणखी फोफावते. पूर्वी ते न्यायला गाड्या यायच्या. आता ते घेणारेच थोडे, त्यामुळे उचलण्याचा खर्चही राखणदारांच्याच माथी पडतो.