महादेवाची वाट आणि घरची शिदोरी

आपल्या जुन्या घराण्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा देवगडच्या गोंड राज्यापासून, अठराव्या शतकाच्या मध्यास तेथे आलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या अंमलापासून आरंभ करतो. या इतिहासाला कागदपत्रांचा आधार आहे. मात्र या भूमीशी आपले नाते जुळविणारी आणखी एक गोष्ट कागदावर फारशी उतरली नाही. ती म्हणजे सातपुड्यातील महादेवाची यात्रा, आणि त्या यात्रेसाठी घरोघरी सिद्ध होणारी कोरडी शिदोरी.

मोहगावात सर्पिणीच्या काठी अर्धनारीश्वर विराजमान आहे. शिव घरी असूनही आपली माणसे पचमढीच्या डोंगरांत जात राहिली: महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागडावर आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला. यात्रेकरूंच्या जथ्याला वऱ्हाड-नागपूरकडे ‘पोहा’ म्हणतात. छिंदवाड्याच्या बाजूने जाणाऱ्यांची वाट जुन्नारदेवजवळच्या ‘पहिल्या पायरी’पासून आणि भुराभगताच्या ठाण्यावरून जाते. हा मुलूख किती दुर्गम होता, याची कल्पना एका प्रसंगावरून येते. १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या आप्पासाहेब भोसल्यांनी आश्रयासाठी हेच महादेवाचे डोंगर निवडले होते. अशा वाटेवर ना बाजार, ना धर्मशाळेचा भरवसा. पाणी झऱ्याचे आणि सरपण रानातले मिळे. बाकी सारे पाठीवर न्यावे लागे.

पाठीवर न्यायचे म्हणजे वजन हवे कमी आणि टिकाऊपणा हवा अधिक. या दोन्ही गरजा वाळवणाने भागतात. पालेभाजीत सुमारे नऊ दशांश पाणीच असते. ते उन्हाने काढून घेतले की टोपलीभर भाजी ओंजळीत मावते. बुरशीला आणि जंतूंना वाढण्यास ओल लागते, ती न मिळाल्याने पदार्थ महिनोन्‌महिने टिकतो. तेल मात्र कालांतराने खवट होते, म्हणून लांबच्या शिदोरीत तळणाचा भाग थोडा ठेवावा लागतो.

विशेष असे की, दोन यात्रांच्या दोन शिदोऱ्या होत. महाशिवरात्र येते माघाच्या अखेरीस, उन्हाळी वाळवणाच्या आधी. तेव्हा हाताशी असतो हिवाळ्याचा ठेवा: शेतात खुडून सावकाश वाळविलेला हरभऱ्याचा आंबूस पाला, वांग्याच्या फोडी, गवारीच्या शेंगा. हा पाला चुरून, थोडे पीठ लावून शिजविला की भाकरीसोबत कालवण तयार होते. पहिल्या दोन दिवसांसाठी पाण्याऐवजी दुधात मळलेल्या दशम्या असत.

नागद्वारीची गोष्ट वेगळी. ती श्रावणात येते. पाऊस लागलेला, सरपण ओले, आणि घरीही काही वाळविण्याची सोय नाही. त्या यात्रेची तयारी चैत्र-वैशाखाच्या उन्हातच करून ठेवावी लागे. मुगाची डाळ भिजवून, वाटून सांडगे घातले जात. ज्वारी-बाजरीचे पीठ तिखट, मीठ, लसूण, तीळ घालून शिजवीत आणि त्याच्या खारोड्या कापडावर तोडीत. शेंगदाण्यांबरोबर त्या कोरड्याच खाता येतात. सर्वांत उपयोगी सातू: गहू व डाळ्या भाजून केलेले हे पीठ गुळाच्या पाण्यात कालविले की पोट भरते, चूल पेटवावी लागत नाही. नागपंचमीला चिरू नये, तवा ठेवू नये, हा आपला घरचा नेम सातूने रानातही सहज पाळला जातो.

बांधणीतही शास्त्र होते. वाळवण पूर्ण निवल्यावरच डब्यात भरीत. ऊन असताना भरले तर आत घाम धरून बुरशी येते. मिठाचे पदार्थ हवेतली ओल ओढतात, म्हणून खारोड्या आणि सातू यांची पुरचुंडी वेगवेगळी ठेवणे बरे. किडीसाठी कडुनिंबाचा वाळला पाला पुरे.

हे शहाणपण जगात इतरत्रही आढळते. अँडीज पर्वतातील लोक रात्रीच्या हिमात बटाटे गोठवून दिवसाच्या उन्हात वाळवितात. आपल्या सैन्याच्या शिधाविचारासाठी १९६१ साली म्हैसूर येथे संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. आज डोंगर चढणारी तरुण मंडळी विजेच्या यंत्रात खिचडी सुकवून पाकिटे बांधतात. त्यांच्या आज्यांच्या गच्चीवरील कापडावर तोच नियम चालत होता.

१८७० साली इटारसी-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, पिपरियाहून पचमढी जवळ आली. पुढे मोटारी आल्या आणि शिदोरीचे दिवस कमी झाले. नागद्वारीचा परिसर आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि यात्रेची वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते. त्या रानात चकचकीत वेष्टने टाकून येण्यापेक्षा कापडी पुरचुंडीची जुनी रीत देवालाही रुचावी.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-वऱ्हाड एकीकडे गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हाही झाला. दप्तराची भाषा हिंदी झाली, तरी सांडगे, कुरडया, खारोड्या हे शब्द चुलीपाशी मराठीच राहिले. पोहा घेऊन निघालेल्यांची आठवण घराण्यांत राहते. त्यांना चालविणाऱ्या हातांची राहत नाही. कोणते धान्य, किती दिवसांचे ऊन, कोणत्या यात्रेसाठी, हे ठाऊक असलेल्या वृद्ध स्त्रिया अजून आपल्यात आहेत. त्यांचे सांगणे घरातल्या कुणीतरी या उन्हाळ्यातच वहीत उतरवून घ्यावे. आपल्या वसाहतीच्या इतिहासाचे ते हरवत चाललेले पान आहे.