आयबीएस बळावतो तेव्हा...

रेवस ते मुंबईचा भाऊचा धक्का हा लाँचचा प्रवास तास-दीड तासाचा. निरोगी माणसाचा हा वेळ वारा खात सहज सरतो. ज्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, हा विकार आहे, त्याला मात्र तो दिव्यासारखा वाटतो. लाँच सुटली की मध्ये उतरता येत नाही, हा विचारच पोटात कळ उठवण्यास पुरेसा ठरतो. मग आधी सकाळचा चहा सुटतो, नंतर न्याहारी सुटते आणि अखेरीस प्रवासच टाळला जातो. या विकाराने जीव जात नाही. पण माणसाचे हिंडणे-फिरणे, नोकरी, लग्नकार्यातील पंगत यांवर तो हळूहळू पाणी सोडायला लावतो.

इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कृती गटाने २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ४ टक्के लोकांमध्ये हा विकार आढळला होता. २०१६च्या 'रोम-४' निकषांनुसार तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणे आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळांमधील बदलाशी आणि मलाच्या स्वरूपातील बदलाशी, यांपैकी किमान दोहोंशी असणे, ही त्याची ओळख. कोणाला जुलाब होतात, कोणाला बद्धकोष्ठ, तर कोणाला दोन्ही आळीपाळीने. आतड्यात व्रण नसतो, गाठ नसते, तपासण्या निर्दोष येतात. म्हणून 'तुम्हाला काहीच झालेले नाही' असे सांगून रुग्णाची बोळवण होते. हे अन्यायाचे आहे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते आणि मेंदूशी त्यांचा अखंड संवाद चालू असतो. आयबीएसमध्ये हा संवाद बिघडतो. इतरांना जाणवणारही नाही एवढा वायू या रुग्णांना वेदना देतो. दुखणे खरे असते, केवळ छायाचित्रात दिसत नाही.

त्रास उसळला की बहुतेकजण दोन चुका करतात. पहिली, मनाने प्रतिजैविके घेणे. जंतुसंसर्ग नसताना ती निरुपयोगी ठरतात आणि आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे नुकसान करतात. दुसरी, दिवसभर उपाशी राहून रात्री पोटभर जेवणे. अन्न जठरात पडताच मोठे आतडे आकुंचन पावते, ही नैसर्गिक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जेवण जितके मोठे आणि तेलकट, तितकी ती जोरकस. चहा-कॉफीही तिला चेतवते. त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांत थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे. प्रवास असल्यास तास-दीड तास आधी उठून हलके खावे आणि शौचाला पुरेसा वेळ देऊन मगच धक्क्याकडे निघावे. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्याने पेटके शमतात. जुलाब होत असतील तर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घ्यावे.

खावे काय, या प्रश्नाचे उत्तर रेवस-अलिबागच्या ताटातच बरेचसे सापडते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलेल्या 'लो फॉडमॅप' आहारात आतड्यात आंबून वायू करणाऱ्या शर्करा टाळल्या जातात. भातात आणि मासळीत या शर्करा जवळपास नसतातच. तांदळाची भाकरी, मऊ भात, कमी तिखटाचे मासे, मुगाचे पातळ वरण, पपई, संत्रे हे बहुतेकांना सोसते. अडचण येते ती वाटणात. कांदा-लसणातील फ्रुक्टन हे त्रासाचे मोठे कारण. अलिबागचा पांढरा कांदा गोडसर म्हणून सोसेल असे वाटते, पण फ्रुक्टन त्यातही असतातच. मात्र फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून अख्ख्या लसणीची फोडणी करून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद उरतो आणि त्रास टळतो. सोलकढीही लसणीविना करावी. वालाचे तसेच. मोड आणल्याने आणि सोलल्याने बिरडे थोडे सुसह्य होते. हिवाळ्यातील पोपटीच्या शेंगा मात्र त्रासाच्या दिवसांत दुसऱ्यांना खाऊ द्याव्यात. पाव, दूध आणि हापूस आंबा यांचीही गणना याच यादीत होते. दुधापेक्षा ताक बरे, कारण विरजणात दुग्धशर्करा काही अंशी कमी होते.

हे पथ्य जन्मभराचे नाही. ते चार-सहा आठवडे पाळून मग एकेक पदार्थ परत सुरू करून पाहायचा असतो, शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. भीतीने एकेक पदार्थ सोडत जाणारे रुग्ण अशक्त होतात, आणि त्रास तरीही संपत नाही.

गव्हाच्या कोंड्याने पोटफुगी वाढते. इसबगोल तुलनेने सौम्य. मात्र ते अल्प प्रमाणात सुरू करून भरपूर पाण्यासह घ्यावे. पेटक्यांसाठी मेबेव्हेरिन, डायसायक्लोमिन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल दिल्या जातात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डायसायक्लोमिन विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड प्रवासापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. ताप किंवा रक्त असताना कदापि नाही. त्रास वारंवार होत असेल तर अमिट्रिप्टिलिनचा अल्प डोस उपयोगी पडतो, असे इंग्लंडमधील २०२३च्या मोठ्या चाचणीत दिसून आले. हे औषध मनोविकारांवरही देतात, एवढ्यावरून 'मला वेडा ठरवले' असे मानून चिठ्ठी फाडणारे आहेत. येथे ते आतडे आणि मेंदू यांच्यातील चेतासंदेश शांत करण्यासाठी दिलेले असते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, रक्तक्षय, पोटदुखीने वा जुलाबाने झोपेतून जाग येणे, पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू होणे किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, यांपैकी काहीही असेल तर आयबीएस गृहीत धरू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षयही सुरुवातीला असाच भासतो. अशा वेळी अलिबागचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा मुंबईतील पोटविकारतज्ज्ञ गाठावा आणि जाताना मागील दोन आठवड्यांत काय खाल्ले, कधी दुखले आणि झोप किती झाली, याची नोंद असलेली वही सोबत न्यावी.