जपानी व्याकरणातील इच्छादर्शक रचना

जपानी भाषेत इच्छा सांगण्याची मुख्य साधने दोन. वस्तू हवी असेल तर ‘होशिइ’ हे विशेषण आणि एखादी कृती करावीशी वाटत असेल तर क्रियापदाला लागणारा ‘-ताइ’ हा प्रत्यय. ‘मिन्ना नो निहोन्गो’ या बहुप्रचलित पाठ्यपुस्तकात ही दोन्ही तेराव्या पाठातच भेटतात आणि त्यांची रूपे पाठ व्हायला वेळ लागत नाही. खरा अवघड भाग पुढे आहे: ती कोणाच्या इच्छेविषयी वापरायची? बोलणाऱ्याचे स्वतःचे मन आणि दुसऱ्याचे मन यांमध्ये जपानी व्याकरण ठळक रेघ ओढते.

‘वाताशि वा मिझु गा होशिइ’ म्हणजे ‘मला पाणी हवं आहे’. हवी असलेली वस्तू इथे ‘गा’ हे अव्यय घेते, जे एरवी कर्त्याला लागते. चहा हवा, कॉफी हवी, पाणी हवं, असे हव्या असलेल्या वस्तूप्रमाणे रूप बदलणाऱ्या मराठी माणसाला हे फारसे परके वाटत नाही. या ‘गा’चा उलगडा कसा करायचा यावर जपानी व्याकरणकारांत बराच विचार झाला. तोकिएदा मोतोकी यांनी 1941 च्या ‘कोकुगोगाकु गेन्रोन’ या ग्रंथात अशा पदाला कर्ता न म्हणता, भावनेचा विषय दाखवणारे ‘ताइशोगो’ म्हटले. कुनो सुसुमु यांनी 1973 मध्ये ते स्थितिवाचक विधेयाचे कर्म मानले.

‘-ताइ’ क्रियापदाच्या ‘मासु’पूर्वीच्या अंगाला लागतो: ‘नोमु’ (पिणे) पासून ‘नोमिताइ’. हा शब्द पुढे विशेषणासारखा चालतो. ‘नोमिताकुनाइ’ म्हणजे प्यावेसे वाटत नाही, ‘नोमिताकात्ता’ म्हणजे प्यावेसे वाटत होते. कर्माला मात्र दोन वाटा मोकळ्या आहेत. ‘मिझु गा नोमिताइ’ आणि ‘मिझु ओ नोमिताइ’ दोन्ही बरोबर. पहिल्यात इच्छेचा रोख पाण्यावर आहे, दुसऱ्यात पिण्याच्या कृतीवर. कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये बरेच शब्द आले की ‘ओ’ अधिक सहज वाटतो.

आता ती रेघ. ही रूपे साध्या विधानात प्रथमपुरुषासाठी आणि प्रश्नात द्वितीयपुरुषासाठी चालतात. ‘त्याला पाणी हवं आहे’ हे मराठीत बिनदिक्कत म्हणता येते, पण ‘कारे वा मिझु गा होशिइ’ हे जपानी कानाला खटकते. दुसऱ्याची तहान बोलणाऱ्याने अनुभवलेली नसते. त्याला दिसते ती फक्त तिची बाहेरची खूण. म्हणून ‘-गारु’ जोडून विशेषणाचे क्रियापद केले जाते: ‘मिझु ओ होशिगात्ते इरु’, ‘नोमितागात्ते इरु’. क्रियापद झाल्याने ‘गा’च्या जागी ‘ओ’ येतो. ‘हवं आहे असं म्हणतो’, ‘हवं असावंसं दिसतं’ अशी ऐकीव किंवा अंदाजाची जोड दिली, तर मूळ रूपही तृतीयपुरुषाला चालते. कादंबरीचा निवेदक पात्राच्या मनात शिरून थेट ‘होशिकात्ता’ लिहू शकतो. कुरोदा शिगेयुकी यांनी 1973 मधील निबंधात भावनावाचक विशेषणांच्या आधारे निवेदकाची ही सवलत दाखवून दिली, आणि व्याकरण व कथनकला इतक्या जवळ आणणारे विवेचन विरळाच.

‘-गारु’ इच्छेपेक्षा वागणे सांगतो, याचा पुरावा युद्धकाळात सापडतो. 1942 च्या स्पर्धेतून निवडलेल्या, जिंकेपर्यंत काही मागणार नाही अशा आशयाच्या प्रसिद्ध घोषवाक्याची सुरुवात ‘होशिगारिमासेन’ या शब्दाने होते. बोलणारा इथे स्वतःविषयीच ‘-गारु’ वापरतो. निर्धाराने हाव मनातून काढता येत नाही, मागणे मात्र आवरता येते. शपथ घ्यायला म्हणूनच हे रूप योग्य ठरले.

दुसऱ्याने काही करावे अशी इच्छा असेल तर ‘-ते होशिइ’ वापरतात आणि त्या व्यक्तीला ‘नि’ लागतो: ‘कारे नि किते होशिइ’, म्हणजे त्याने यावे अशी माझी इच्छा आहे. ‘कोनाइदे होशिइ’ (न यावे) यात विनंतीचा सूर आहे, तर ‘किते होशिकुनाइ’ (यावे असे वाटत नाही) नुसती नापसंती कळवते. आदर दाखवायचा असेल तेव्हा ‘-ते इतादाकिताइ’. निश्चय सांगणाऱ्या ‘-ओ तो ओमोउ’ या रचनेतही पुरुषाचे बंधन आहे: दुसऱ्याविषयी बोलताना ‘ओमोत्ते इरु’ म्हणावे लागते.

शिष्टाचाराच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याने विशेष जपावे. वडीलधाऱ्याला किंवा वरिष्ठाला ‘कोही ओ नोमिताइ देसु का’ (कॉफी प्यावीशी वाटते का) असे विचारणे व्याकरणाने शुद्ध असले तरी उद्धट ठरते, कारण त्यात त्याच्या मनालाच थेट हात घातला जातो. त्याऐवजी ‘कोही वा इकागा देसु का’ म्हणतात, म्हणजे कॉफी कशी वाटेल. वरिष्ठांविषयी ‘-गारु’ही टाळतात, लहान मुले आणि पाळीव प्राणी यांच्याबाबत तो सर्रास येतो. स्वतःची इच्छासुद्धा ‘-ताइ तो ओमोइमासु’ (असे मला वाटते) म्हणून सौम्य करतात, किंवा ‘-ताइन देसु गा’ म्हणून वाक्य अर्धेच सोडतात आणि पुढचे ऐकणाऱ्यावर सोपवतात. प्रार्थनेची रीत निराळी आहे. 7 जुलैच्या तानाबाता सणाला बांबूवर बांधायच्या कागदी पट्ट्यांवर बरेचदा ‘-मासु योउ नि’ (असे होवो) असा शेवट लिहितात.

स्व-परभेद अभिजात जपानीतही दिसतो. हेइआन काळात (794–1185) क्रियापदाच्या एकाच अंगाला ‘बाया’ लावला की स्वतःच्या कृतीची इच्छा होई आणि ‘नामु’ लावला की दुसऱ्याकडून असलेली अपेक्षा. त्या काळच्या गद्यात ‘-माहोशि’ हा प्रत्यय रूढ होता. ‘होशि’, म्हणजे आजचा ‘होशिइ’, त्यात सामावलेला आहे. हेइआन काळाच्या अखेरीस ‘-ताशि’ पुढे आला, कामाकुरा काळात त्याने ‘-माहोशि’ला मागे सारले आणि त्याच्या ‘-ताकि’ या रूपातील ‘क’ गळून आजचा ‘-ताइ’ झाला. ‘-माहोशि’ आता ‘आरामाहोशिइ’ (असावे तसे, आदर्श) या ग्रांथिक शब्दात उरला आहे.