बेल्जियन एलसाठी यीस्टची निवड

बेल्जियन एल हा तुलनेने उबदार तापमानाला आंबणाऱ्या बिअरचा मोठा गट आहे. डुबेल, ट्रिपेल, गव्हाची विटबिअर, शेतावरची सेझोन आणि कडक सोनेरी एल हे त्यातले ठळक प्रकार. हे सगळे मुख्यतः सॅकरोमायसीझ सेरेव्हिसी या एकाच जातीच्या यीस्टवर उभे आहेत, पण त्या जातीतली वाणे मात्र एकमेकांपासून कमालीची वेगळी. घरी बिअर करणाऱ्याला या गटात शिरताना एक सवय मोडावी लागते. अमेरिकन पेल एलची पाककृती हॉप्स आणि माल्टपासून सुरू होते, बेल्जियन एलची यीस्टपासून. ट्रिपेलमध्ये बहुधा फिका पिल्सनर माल्ट आणि साखर एवढेच असते, हॉप्सही बेताचेच. तरीही पेला नाकाजवळ नेला की लवंग, मिरी, केळे, नासपती यांचा जो दरवळ येतो, तो जवळजवळ सगळा यीस्टने घडवलेला असतो. म्हणून वाण कोणते घ्यायचे आणि ते कसे वागवायचे, हे दोन्ही निर्णय बरोबरच घ्यावे लागतात.

या वासांमागे दोन रासायनिक कुळे आहेत. लवंग-मिरीचा मसालेदार वास फिनॉलांचा. धान्याच्या टरफलातून आणि पेशीभित्तिकेतून फेरुलिक आम्ल सुटते, यीस्ट त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि ४-व्हिनाइल ग्वायकोल तयार होते; लवंगेचा वास तो हाच. फळांचा वास एस्टरांचा. केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट त्यांत सर्वांत ओळखीचे. कोणते वाण फिनॉलांकडे झुकते आणि कोणते एस्टरांकडे, हा निवडीतला पहिला प्रश्न.

बिअरच्या बहुतेक यीस्टांना हा मसालेदार वास देताच येत नाही. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील केव्हिन व्हेरस्ट्रेपेन यांच्या प्रयोगशाळेने सहकाऱ्यांसह १५७ औद्योगिक वाणांचा जनुकसंच वाचला आणि २०१६ साली ‘सेल’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. माणसाने शतकानुशतके एका पिंपातून दुसऱ्या पिंपात यीस्ट वाढवत नेले. त्या ओघात पीएडी१ आणि एफडीसी१ ही फिनॉल घडवणारी जनुके बहुतेक बिअर-वाणांत निकामी झाली, कारण लवंगेचा वास हा दोष समजला जाई. जर्मन गव्हाच्या बिअरीत आणि अनेक बेल्जियन एलमध्ये मात्र तोच वास हवा होता, म्हणून तिथे ही जनुके शाबूत राहिली. आज पुडीतून विकत मिळणारा हा गुण एका प्रदेशाच्या चवीने जपलेला आहे.

स्वतः बिअर करणाऱ्या वेस्टमाल मठाचे उदाहरण या विषयात सर्वांत बोलके. या मठाची ट्रिपेल १९३४ पासूनची, तिचे आजचे रूप १९५६ च्या सुमारास ठरले, आणि मद्यांश ९.५ टक्के. शेजारून विरजण आणावे तसे वेस्टव्हलेटरनचे मठवासी वेस्टमालहून ताजे यीस्ट आणतात. अखेलच्या मठातही तेच वापरले गेले. वाण एकच, पण बिअरी निरनिराळ्या. वेस्टमालमध्ये किण्वन १८ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते आणि २० अंशांपर्यंतच चढू दिले जाते. वेस्टव्हलेटरनमध्ये ते २० ला सुरू होऊन २८-२९ पर्यंत जाते. पाककृतींतला फरक धरूनही या आठ-नऊ अंशांचा हात चवीत स्पष्ट जाणवतो. पुडीवरचे नाव वाचून थांबणाऱ्याने निम्मीच निवड केलेली असते.

पण ब्रुअरीचे आकडे जसेच्या तसे घरी उतरवणेही धोक्याचे. उंच नळकांडी टाकीच्या तळाशी द्रवाचा दाब जास्त असतो, तिथे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्यामुळे एस्टरांची निर्मिती दबते. घरच्या वीस लिटरच्या बादलीत हा दाब नसतोच. टाकीत २८ अंशांना सौम्य राहणारे वाण बादलीत त्याच तापमानाला केळ्याचा नुसता भपकारा सोडू शकते. घरी वेस्टव्हलेटरनचा मार्ग धरायचा तर कमाल मर्यादा दोन-तीन अंश खालीच ठेवणे शहाणपणाचे.

तापमान किती यापेक्षा केव्हा, हे जास्त महत्त्वाचे. पहिल्या दीड-दोन दिवसांत पेशी झपाट्याने वाढतात, आणि नकोशी फ्यूजेल अल्कोहोले मुख्यतः याच काळात तयार होतात. त्यांनी बिअर घशाला भाजते, डोके जड होते. म्हणून वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा, १८ अंशांपर्यंत थंड करून यीस्ट घालावे, दोन दिवस तिथेच धरावे आणि मग रोज एक-दोन अंश चढू द्यावे. शेवटची ऊब साखर पूर्ण संपवण्यासाठी लागते. हाच भाग बहुतेक जण उलटा करतात: आरंभी गरम, आणि जोर ओसरला की थंड. मग बिअर गोड आणि जड राहते. चांगली ट्रिपेल ९ टक्क्यांची असूनही अंगाने हलकी लागते, कारण तिच्यातली १० ते २० टक्के किण्वनक्षम सामग्री साधी साखर असते आणि यीस्ट ती काही मागे न ठेवता खाते. सुरुवातीचे विशिष्ट गुरुत्व १.०८० च्या आसपास असेल तर ते १.०१० च्या जवळ उतरले पाहिजे.

द्रवरूप यीस्ट विकणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांनी, ओरेगनमधील वाईस्ट आणि सॅन डिएगोतील व्हाइट लॅब्ज यांनी, घरगुती बिअरवाल्यांना ही वाणे खुली केली. मूळ ब्रुअरीचे नाव लेबलवर नसते, पण क्रमांक आणि मठ यांच्या जोड्या छंदवर्तुळात सर्वमान्य झाल्या आहेत. वाईस्ट ३७८७ आणि डब्ल्यूएलपी५३० वेस्टमालचे मानले जाते, १२१४ आणि डब्ल्यूएलपी५०० शिमेचे, १७६२ आणि डब्ल्यूएलपी५४० रोशफोरचे. शिमेचे वाण १९४८ मध्ये फादर तेओदोर यांनी ल्युव्हेनचे प्राध्यापक जाँ द क्लेर्क यांच्या मदतीने वेगळे काढले. त्याचा फळांकडचा ओढा मोठा आणि उष्णतेत ते सहज अति करते. रोशफोरचे वाण शांत, गडद डुबेलला शोभणारे. पहिल्यांदाच ट्रिपेल करणाऱ्याने ३७८७ घ्यावे. लवंग आणि फळ यांचा तोल ते स्वतःहून राखते आणि कडक मद्यांशालाही दबत नाही. फक्त त्याचा फेस अफाट. भांड्यात एक-चतुर्थांश जागा मोकळी ठेवावी आणि एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे टोक पाण्याच्या बरणीत सोडावे, नाहीतर दुसऱ्या रात्री सगळे उतू जाते.

डूव्हल या कडक सोनेरी एलचे वाण मुळात बेल्जियन नाहीच. पहिल्या महायुद्धानंतर ती बनवणाऱ्या मोर्टगाट घराण्यातील आल्बेर मोर्टगाट स्कॉटलंडला गेले आणि तिथून एलचे यीस्ट घेऊन आले. आजच्या डूव्हलचे यीस्ट त्याच वंशातले. ८.५ टक्क्यांच्या या सोनेरी एलमध्ये लवंग मागे राहते, नासपती पुढे येते. वाईस्ट १३८८ आणि डब्ल्यूएलपी५७० याच रेषेतली. शेवटचे काही अंश ती फार रेंगाळत उतरतात, तेव्हा बाटल्या भरण्याची घाई करू नये.

सेझोनच्या वाणांवर विशेष सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नवखे इथेच सर्वाधिक फसतात. एनो प्रांतातील तूर्प गावच्या ड्युपाँ ब्रुअरीची सेझोन ६.५ टक्क्यांची, कोरडी, मिरीच्या वासाची. तिचे समजले जाणारे वाण वाईस्ट ३७२४ आणि डब्ल्यूएलपी५६५. हे यीस्ट पहिले तीन-चार दिवस जोमाने चालते आणि विशिष्ट गुरुत्व १.०३५ च्या आसपास आले की अचानक थांबते. बुडबुडे बंद, फेस खाली, आणि हायड्रोमीटर आठवडाभर जागचा हलत नाही. यीस्ट मेलेले नसते. भांडे ३० ते ३५ अंशांपर्यंत तापवले आणि धीर धरला तर ते पुन्हा चालू लागते. हे वाण दाबालाही बिचकते असे अनुभवी सांगतात. ते पहिल्या आठवड्यात एअरलॉक न लावता तोंडावर निर्जंतुक केलेली फॉइल सैल ठेवतात. ज्यांना इतकी वाट पाहायची नाही त्यांनी ३७११ घ्यावे. उत्तर फ्रान्समधील तिरिये ब्रुअरीशी जोडले जाणारे हे वाण २० अंशांनाही अडखळत नाही आणि १.००२ पर्यंत सहज उतरते. मात्र ड्युपाँची ती खोल, मातकट मिरी त्यात मिळत नाही. कष्टाचे वाण इथे खरोखर सरस आहे.

सेझोनची बरीच वाणे डायस्टॅटिकस या प्रकारात मोडतात. त्यांच्याकडे एसटीए१ हे जनुक असते आणि त्याच्या जोरावर ती पेशीबाहेर विकर सोडून इतर यीस्टांना न पचणारी डेक्स्ट्रिने फोडतात. कोरडेपणा येतो तो यातूनच, आणि धोकाही यातूनच. बिअर आंबून झाली असे समजून बाटल्या बंद केल्या आणि ही पेशी आत जागी राहिली, तर दाब वाढत जाऊन काच फुटते. हायड्रोमीटरचे वाचन आठवडाभर अगदी स्थिर असल्याखेरीज बाटल्या भरू नयेत, आणि भरताना जाड काचेच्याच वापराव्यात.

विटबिअरचा मामला तुलनेने सोपा. होखार्डन गावातली शेवटची विटबिअर ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली आणि पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये हा प्रकार पुन्हा उभा केला. वाईस्ट ३९४४ किंवा डब्ल्यूएलपी४०० घ्यावे. धणे आणि संत्र्याची साल बेतानेच घालावी, कारण यीस्टचा स्वतःचा मसाला तिथे आधीच असतो. तो वाढवायचा असेल तर माल्ट भिजवताना ४३ ते ४५ अंशांना पंधरा-वीस मिनिटे थांबावे. फेरुलिक आम्ल जास्त सुटते.

कोरड्या यीस्टची पुडी ११.५ किंवा ११ ग्रॅमची, टिकाऊ आणि स्वस्त. फर्मेंटिसचे बीई-२५६ कडक मठ-शैलीसाठी, टी-५८ मिरीच्या वासासाठी, बीई-१३४ सेझोनसाठी. लालेमांचे अ‍ॅबे आणि बेल सेझोन ही त्याच वळणाची. यांपैकी बीई-१३४ आणि बेल सेझोन डायस्टॅटिकस आहेत. कोरडी वाणे भरवशाची, पण त्यांच्यात छटा कमी.

प्रमाणाचा हिशेब साधा आहे. एलसाठी दर मिलिलिटरला दर प्लेटो अंशामागे (प्लेटो हे वर्टमधल्या साखरेचे माप) साडेसात लाख पेशी धरतात. १.०८० गुरुत्वाच्या २० लिटर वर्टला त्या हिशेबाने सुमारे २९० अब्ज पेशी लागतात, आणि द्रव यीस्टच्या एका ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज असतात. म्हणून दोन दिवस आधी माल्टच्या पातळ द्रावणात यीस्ट वाढवून घ्यावे लागते. एस्टर वाढावेत म्हणून मुद्दाम कमी यीस्ट घालण्याचा सल्लाही दिला जातो. सौम्य बिअरीत तो चालतो. ट्रिपेलमध्ये किण्वन अर्ध्यावर अडकण्याची भीती मोठी.

बेल्जियन एल बाटलीत पुन्हा आंबवली जाते, त्यामुळे तळाच्या गाळातून जिवंत यीस्ट मिळवता येते. बाटली काही दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवावी, बिअर अलगद ओतून तळाचे बोटभर द्रव राखावे, बाटलीचे तोंड ज्योतीवर फिरवावे आणि त्यात उकळून थंड केलेले, १.०२० गुरुत्वाचे शंभरेक मिलिलिटर वर्ट घालावे. चार-पाच दिवसांत तळाशी पांढरट थर दिसला की पुढच्या मोठ्या भांड्यात जावे. यासाठी कमी मद्यांशाची आणि ताजी बाटली निवडावी. काही ब्रुअऱ्या बाटलीत वेगळेच यीस्ट घालतात, हेही ध्यानात ठेवावे.

हे सगळे घरी करता येते का, हे तिथल्या कायद्यावर ठरते. अमेरिकेत घरगुती बिअर संघराज्य पातळीवर १९७८ च्या कायद्याने मोकळी झाली. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन इतकी मुभा आहे. तिथल्या मराठी घरांतही हा छंद उघडपणे करता येतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे, त्यामुळे इथे या यीस्टांची ओळख होते ती परवानाधारक मायक्रोब्रुअऱ्यांत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलली ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक, आणि बेल्जियन विटबिअर तिच्या नळांवर रुळलेली आहे.

बाटलीतून यीस्ट मिळवणाऱ्याने ओर्वाल या बिअरीचा गाळ मात्र जपून हाताळावा. ६.२ टक्क्यांच्या या एलमध्ये नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटानोमायसीझ हे वेगळे यीस्टही असते. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नील्स क्लॉसेन यांनी ते १९०४ मध्ये इंग्लिश बिअरींच्या संदर्भात मांडले. ते सावकाश काम करते, महिनोन्‌महिने उरलीसुरली साखर संपवते आणि चामड्यासारखा, वाळल्या गवतासारखा वास आणते. ते वापरायचेच असेल तर बादली, नळ्या आणि रबरी बुचे कायमची वेगळी ठेवावीत. प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत ते तग धरते आणि पुढच्या साध्या बिअरीतही उतरते.